आईचे गुडघे आणि लिस्बनच्या सात टेकड्या

माझी निम्मी नोकरी लेव्हल बघण्यात गेली. पाणीपुरवठ्याच्या कामात दोन ठिकाणांमधलं अंतर नंतर विचारतात, आधी उंचीतला फरक. या सवयीचा नोकरीबाहेर काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. लिस्बनला झाला. पोर्तुगालची ही राजधानी सात टेकड्यांवर वसली आहे असं म्हणतात, आणि माझ्यासोबत बायको होती व आई होती. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. चार दिवसांचा बेत आखताना मी एकच नियम धरला: तिला एकही पायरी उगाच चढायला लावायची नाही. खालचं सगळं त्या नियमातून निघालेलं आहे. तुमचे गुडघे ठणठणीत असले तरी हाच बेत चालेल, फक्त दमायला संध्याकाळ होईल.

लिस्बनच का, हेही सांगतो. आम्ही वसईचे, आडनाव परेरा. १५३४ साली गुजरातच्या सुलतानानं वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत धर्म आला, आडनाव आलं. ते जिथून आलं ते गाव एकदा बघावं, असं आईच्या मनात होतं. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईनं आमचं आडनाव 'परैरा' असं काहीसं उच्चारलं. आई मला म्हणाली, "बघ, पिढ्यान्‌पिढ्या आपण चुकीचंच सांगतोय."

व्हिसाचं पटकन उरकतो. शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर तीनेक महिने आधीच तारीख धरा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर तीन महिने चालणारा हवा. अडलं ते बोटांच्या ठशांपाशी. आईनं चाळीस वर्षं वाडीत काम केलंय, पहाटे फुलं खुडून दादरच्या बाजाराला पाठवलीत. बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्र काही केल्या ठसा घेईना, वीस मिनिटं गेली. घरात असं शेतात राबलेलं माणूस असेल तर आठवडाभर आधीपासून रोज रात्री बोटांना तेल चोळा, आणि त्या दिवशी हात स्वच्छ धुऊन जा.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टला बदलावं लागतं. दिवसाउजेडी पोचणारं घ्या. विमानतळाच्या दारातच मेट्रोची लाल लाइन आहे. आलामेडाला उतरून हिरवी पकडली की रोसियो, म्हणजे शहराचं पोट. मशीनमधून 'नावेगांते' कार्ड काढा, प्रत्येकाचं वेगळं. त्यात पैसे भरून मेट्रो, ट्राम, बस, लोकल, नदीवरची बोट सगळं चालतं. ट्रामच्या ड्रायव्हरकडून तिकीट घेतलं तर जवळजवळ दुप्पट पडतं.

आता मुख्य गोष्ट, खोली. माझं मत ठाम आहे: बायशा भागातच राहा. (पोर्तुगीजमध्ये एक्स बहुतेक वेळा 'श' होतो, म्हणून बायशा. नावाचा अर्थच 'खालचा भाग'.) शहराच्या मध्यात धड सपाट असा हाच तुकडा. बाकी टेकडीवरच्या जुन्या अल्फामा भागातल्या गल्लीतली खोली फोटोत कितीही गोड दिसो, बॅग घेऊन पायऱ्या चढताना तो गोडवा उतरतो. जुन्या इमारतींना लिफ्ट असेलच असं नाही, म्हणून विचारून घ्या आणि लिफ्ट असली तरी पहिला मजलाच मागा. हे का, ते शेवटी कळेल. भाड्याखेरीज पालिकेचा कर माणशी रात्रीला ४ युरो.

बायशा सपाट आहे आणि तिथल्या गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या आहेत, त्यामागे एक सकाळ आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, मग तेजू नदीतून लाटा आल्या, मग आग पसरली. शहर गेलं. नदीकाठच्या राजवाड्यासोबत 'काझा दा इंडिया' गेलं, म्हणजे गोव्याच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी कचेरी. आज त्या जागी मोठा चौक आहे, प्रासा दु कोमेर्सियु. जुनी माणसं अजून तेहेरु दु पासु, 'राजवाड्याचं पटांगण' म्हणतात. मध्ये राजा झुझे पहिला घोड्यावर बसलाय आणि चौथऱ्याच्या एका अंगाला दगडी हत्ती आहे. तो शोधायला विसरू नका.

राजाच्या मंत्र्यानं, पोंबालच्या मार्केशनं, शहर नव्यानं बांधलं. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, 'गायोला', उभा केला, म्हणजे जमीन हलली की इमारत डोलेल पण पडणार नाही. नमुन्याच्या पिंजऱ्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवून चाचणी घेतली, असं सांगतात. खाली दलदल, म्हणून पाइन लाकडाचे खांब ठोकले. हे लाकूड भूजलात बुडालेलं असेल तोवर टिकतं. पाणी उतरलं की कुजायला लागतं. माझ्यासारख्याला एवढी माहिती पुरते. रुआ दुश कुर्रैरुश या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या आणि त्यांच्या जवळच हे खांब बघायला मिळतात. माहिती सांगणारा माणूस सोबत देतात, पैसे घेत नाहीत. वेळ आधी ठरवून घ्या.

आम्ही पोचलो तो दिवस २५ एप्रिल २०२५, शुक्रवार. तारीख ठरवताना मी ही गोष्ट बघितलीच नाही: २५ एप्रिल ही तिथली राष्ट्रीय सुट्टी. १९७४ साली याच दिवशी सैन्यानं हुकूमशाही उलथवली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशन खोवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं, म्हणजे आपल्या मुक्तीनंतर तेरा वर्षांनी. दुकानं बरीच बंद, पण रस्ते लाल फुलांनी भरलेले. मोर्चातल्या एका आजीबाईनं आईच्या हातात फूल दिलं. आईनं देठ बोटांत फिरवून बघितला, "काल संध्याकाळी खुडलंय, पाणी कमी दिलंय," असं निदान केलं आणि अंबाड्यात खोवलं. त्या बाईला इतका आनंद झाला की तिनं आणखी दोन दिली. तेव्हा सुट्ट्या आधी बघा, पण टाळायच्याच असं नाही. १२ जूनची रात्र सेंट अँथनीच्या सणाची. तेव्हा झोपेची अपेक्षा ठेवू नका. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस, आणि पावसात इथले पांढरे गुळगुळीत फरसबंदी दगड साबणासारखे होतात. नवे बूट घेऊ नका. वापरून मऊ झालेले, रबरी तळाचे घ्या.

फिरायचं कसं? पाणी फिरतं तसं: आधी वर उचला, मग उतारानं सोडा. दिवसाला एक टेकडी. वर वाहनानं जायचं, पायी फक्त उतरायचं. मोबाइलवरच्या नकाशात चारशे मीटर दिसतात. ते चारशे मीटर आडवे की उभे, ते बघा. चालण्याच्या मार्गाखाली चढ दाखवलेला असतो, तो कुणी वाचत नाही.

शनिवारी मार्तिम मुनीश चौकातून २८ नंबरची ट्राम पकडली, आठ वाजायच्या आत. दहानंतर तिथे जी रांग लागते ती बघून हसू येतं. जुनी पिवळी लाकडी ट्राम, वळणावर भिंतीला हात लागेल इतकी जवळून जाते. खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. पण विरार लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाला पाकीट कुठे ठेवायचं हे मी काय सांगणार. ग्रासाला उतरलो. तिथल्या कट्ट्यावरून सगळं शहर, किल्ला, नदी, लाल पूल एका नजरेत येतात. आई कॉफी घेऊन बसली, मी आणखी वरचा कट्टा, सेन्योरा दु मोंते, गाठून आलो. तिथून पुढे पूर्ण दिवस उतार: साव व्हिसेंतेचा मठ, त्याच्या मागे 'फैरा दा लाद्रा' हा जुन्या वस्तूंचा बाजार. लाद्रा म्हणजे चोरटी बाई, तेव्हा आपल्या मुंबईचा चोरबाजारच. फक्त मंगळवारी आणि शनिवारी भरतो, त्यामुळे हा उतार त्याच वारी ठेवा. सुट्या जुन्या निळ्या टाइल्स विकायला असतात, घेऊ नका. त्यातल्या कितीतरी भिंतींवरून उपटून आणलेल्या असतात. नव्या टाइल्स दुकानांत मिळतात.

बाजाराला लागून पांढऱ्या घुमटाचं सांता एंग्रासिया. १६८२ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण. न संपणाऱ्या कामाला तिकडे 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. आमच्या खात्यात ही म्हण रुजवायचा मी प्रयत्न करतोय. आत आल्फोन्सु दे अल्बुकर्कचं स्मारक आहे, १५१० साली गोवा घेणारा तोच.

मग पोर्ताश दु सोल, सांता लुझिया हे दोन कट्टे, आणि उतरत उतरत 'से', म्हणजे ११४७ मध्ये बांधायला घेतलेलं कॅथेड्रल. त्याच्या खालीच सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा हा संत इटलीतल्या पादुआचा म्हणून आपण ओळखतो, पण जन्मला लिस्बनला, याच जागी, असं मानतात. भूकंपातून वाचलेलं तळघर अजून आहे. पोप फ्रान्सिस २१ तारखेला गेले होते, त्या शनिवारी रोमला अंत्यविधी होता. आई तळघरात अर्धा तास बसून राहिली. बेतात असा अर्धा तास लिहिलेला नव्हता. तुमच्या बेतात लिहा.

चढ चुकवायच्या आणखी दोन युक्त्या. रुआ दुश फांकैरुशवर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे, ती वरच्या रुआ दा मादालेनाला काढते. पलीकडे पार्किंगच्या इमारतीत दुसरी, ती किल्ल्याच्या पायथ्याशी सोडते. आणि बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने: खालून शिरा, वर शियादुला निघा, तिकीट लागत नाही. तिथून कार्मोचा मठ जवळ. भूकंपात छप्पर कोसळलं ते परत घातलंच नाही, कमानी आभाळाखाली उघड्या. बायको पटकन म्हणाली, "आपला किल्ला." वसईच्या किल्ल्यातली छप्पर नसलेली चर्चं बघत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यामुळे इथे तासभर कसा गेला कळलं नाही. सांता जुस्ताच्या १९०२ सालच्या लोखंडी लिफ्टचा वरचा पूल इथेच येतो, तेव्हा खालच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. ग्लोरियाच्या केबल रेल्वेनंही आम्ही वर गेलो होतो. त्यानंतर ३ सप्टेंबर २०२५ ला तिचा अपघात होऊन १६ माणसं गेली. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

रविवार बेलेमचा. भाग सपाट, १५ नंबरची ट्राम नेते. सोमवारी जाऊ नका, तिथली मुख्य ठिकाणं तेव्हा बंद असतात. जेरोनिमुश मठाच्या रांगेत उन्हात दोन तास जाऊ शकतात. आम्ही मिस्साला गेलो, तेव्हा रांग नव्हती, पण आत कॅमेरा घेऊन हिंडायचं नाही हे ओघानं आलंच. दाराजवळ एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. गामा १५२४ साली कोचीत वारला, आधी तिथेच पुरला होता. आईनं कबरीवरच्या पुतळ्याच्या दगडी हातांकडे बघितलं, म्हणाली, "ह्याच्यापायी एवढं सगळं." आणि पुढे गेली. बेलेमचा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता; बाहेरून बघितला, बिघडलं काही नाही. १८३७ पासूनच्या दुकानातले पाश्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट, गरम खा, वर दालचिनी भुरभुरवून. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते. आत शिरा, खोल्यांमागून खोल्या आहेत.

खाण्याचं इतकंच. बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत करा. दुपारी 'प्रातु दु दिया' मागा, म्हणजे आजचं ताट, स्वस्त आणि ताजं. बाकाल्याव हा खारवलेला सुका मासा, पाण्यात दिवसभर भिजवून शिजवतात. बोंबील वाळवणाऱ्या घरात त्याचं कौतुक लगेच होतं. शाकाहारींनी 'काल्दु वेर्द' या हिरव्या सुपापासून सांभाळून राहा, त्यात सॉसेजची चकती लपलेली असते. मार्तिम मुनीशच्या आसपास भारतीय-नेपाळी खाणावळी आहेत. आणि साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटात 'शामुसा' दिसला तर दचकू नका, आपला सामोसाच आहे. दुकानात आईला भलतीच मजा आली: बटाट्याला बटाटा, चावीला 'शाव्ह', साबणाला 'साबाव', कोबीला 'कोव्ह'.

रविवारी दुपारी दोघींना झोपवून मी एकटा कांपोलिदला गेलो, आग्वाश लिव्ह्रशचा जलसेतू बघायला. बहुतेक प्रवासी इकडे फिरकत नाहीत, म्हणून सांगतो. काम १७३१ च्या आदेशानं सुरू झालं, पैसे ऑलिव्ह तेल, दारू आणि मांसावरच्या करातून. आल्कांतारा दरीवर ३५ कमानी, सगळ्यात उंच कमान ६५ मीटर. १७५५ ला अख्खं शहर आडवं झालं, हा उभा राहिला. पंप नाही, मोटर नाही; डोंगरातलं पाणी उतारानं आपोआप शहरात. माथ्यावरून चालता येतं. मधल्या बंद नळीला ठिकठिकाणी दरवाजे आहेत, आत डोकावलं की दगडी पन्हळ दिसते. एका ठिकाणी मी गुडघ्यावर बसून तिचा ढाळ डोळ्यानं जोखत होतो. मागून येणाऱ्या जोडप्यानं मला बरं वाटत नाहीये का म्हणून विचारलं.

चौथा दिवस मोकळा ठेवा. लिस्बनजवळच्या सिंत्राचे राजवाडे सुंदर असतील, पण चार दिवसांत ते कोंबणं मला पटलं नाही. आम्ही सोमवारी सकाळी ते बँकेखालचे खांब बघितले आणि कोपऱ्यावर कॉफी घेत होतो. साडेअकरा वाजून गेले असतील, कॉफीचं यंत्र थांबलं. मग समजलं, वीज गेली होती, आणि गल्लीची नाही, शहराची नाही, अख्ख्या पोर्तुगालची आणि स्पेनची. २८ एप्रिलचा तो अंधार. मेट्रो बंद, सिग्नल बंद, कार्डाची मशीनं बंद, थोड्या वेळानं फोनही. खिशात ६० युरो रोख होते, कारण वसईच्या माणसाचा यंत्रावर विश्वास नसतो. पाणी, पाव, केळी, मेणबत्त्या घेतल्या. एवढी रोकड कुठल्याही शहरात जवळ ठेवा, आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. आमची खोली पहिल्या मजल्यावर, चालत सहा मिनिटांवर. पाचव्या मजल्यावरचे लोक बॅगा घेऊन जिन्यात बसले होते.

खोलीत शिरल्याबरोबर मी नळ सोडला. पाणी येत होतं. ते किती वेळ येईल याचा मला नोकरीपायी अंदाज होता, म्हणून घरमालकिणीकडे हातवारे करून भांडं मागितलं. ती म्हणाली, "बाल्द?" आई आतून ओरडली, "हो, बालदीच!" दोन बालद्या भरून ठेवल्या. रात्री दहाच्या पुढे दिवे आले तेव्हा गल्लीत टाळ्या पडल्या. नळ एकदाही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, गर्दी असणार म्हणून पहाटेच टॅक्सी बोलावली. टॅक्सी खाली उभी, बायको हाका मारतेय, आणि आई बाल्कनीत. भरलेलं पाणी ओतून द्यायला ती तयार नव्हती. तांब्या तांब्यानं मालकिणीच्या कुंड्यांना घालत होती.